सव्वादोन रुपयांचा डॉलर

एका जुन्या अमेरिकन डॉलरमधल्या चांदीचे बरोबर सव्वादोन रुपये होतात. आजच्या विनिमय दराचा इथे काही संबंध नाही. हा हिशेब निव्वळ चांदीच्या वजनाचा आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १७९२ साली नाण्यांचा पहिला कायदा केला, तेव्हा डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन असावी असं ठरलं. तिथल्या बाजारात तोवर स्पॅनिश डॉलर चालत होता आणि त्याच्याच धर्तीवर हा आकडा बसवला होता. इकडे ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला. तो १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. ३७१.२५ ला १६५ ने भागा, उत्तर नेमकं २.२५ येतं.

दोन देशांच्या दोन कायद्यांमधला हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नसता, तरी काही बिघडलं नसतं. पण १९१८ साली हा भागाकार प्रत्यक्षात उतरला. त्या वर्षी अमेरिकेच्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवायला सुरुवात झाली. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर मुशीत गेले. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली गेली, आणि ती ब्रिटनला हवी होती ती भारतासाठी. सव्वादोनच्या हिशेबाने ५८ कोटींहून जास्त रुपये होतील एवढी ही चांदी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. अमेरिकेतला नाणेसंग्राहक आज ज्या नाण्यांसाठी जिवाचं रान करतो, त्यांच्या दुर्मीळपणाची एक मोठी गाठ आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत अशी पडलेली आहे.

हे का घडलं, ते समजून घ्यायला हवं.

पहिल्या महायुद्धात भारतातून ताग, गहू, कातडी, कापड असा माल भराभर बाहेर जात होता. मेसोपोटेमियातल्या भारतीय फौजांचा खर्चही इथूनच भागवला जात होता. या सगळ्याचे पैसे शेवटी रुपयांत चुकवायचे, आणि लोकांना हवा चांदीचा रुपया. मेक्सिकोतल्या क्रांतीमुळे तिथल्या खाणींचं उत्पादन घसरलेलं, त्यामुळे जगाच्या बाजारात चांदी महाग होत चालली होती. रुपयाचा सरकारी भाव १ शिलिंग ४ पेन्स. चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपया चलन म्हणून वापरण्यापेक्षा वितळवणंच फायद्याचं. १९१७ मध्ये चांदीने ती रेषा ओलांडली. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची काढली. लोकांनी त्या घेतल्या, पण मनापासून नाही. काही ठिकाणी नोट मोडून चांदी घ्यायची तर बट्टा बसू लागला. १९१८ च्या वसंतात युरोपातल्या आघाडीवरून जर्मनांच्या मुसंडीच्या बातम्या आल्या आणि मुंबईसह इतर ठिकाणच्या चलन कचेऱ्यांवर नोटा मोडून घ्यायला झुंबड उडाली. जूनच्या सुरुवातीला सरकारच्या चलन राखीव साठ्यात चांदीचे रुपये उरले होते ते चार कोटींच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा काहीच नव्हता. नोटेच्या बदल्यात रुपया द्यायला सरकारने नकार दिला असता, तर ऐन युद्धात राज्याची पतच बुडाली असती.

चांदीचा एवढा मोठा तयार साठा जगात एकाच ठिकाणी होता: अमेरिकेच्या तिजोरीत, डॉलरच्या नाण्यांच्या रूपात. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांनी विधेयक मांडलं आणि २३ एप्रिल १९१८ रोजी त्याचा कायदा झाला. ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवायची त्यात मुभा होती. शत्रूशी लढणाऱ्या परकीय सरकारांना मदत, असं मोघम कारण कायद्याच्या शीर्षकात दिलं होतं. भारताचा उल्लेख त्यात नव्हता. चांदीचा दर ठरला औंसाला एक डॉलर. पिटमन खाणवाल्यांच्या राज्याचे. वितळवलेल्या प्रत्येक डॉलरच्या बदल्यात तेवढीच चांदी पुढे अमेरिकन खाणींकडून त्याच दराने विकत घ्यायची आणि तिचे पुन्हा डॉलर पाडायचे, हे कलम त्यांनी त्यात घालून घेतलंच.

आता एवढे डॉलर तिजोरीत पडून का होते? ही गोष्टही खाणींपासूनच सुरू होते. नेवाडात १८५९ साली कॉमस्टॉकचा चांदीचा प्रचंड साठा सापडला. १८७३ च्या कायद्याने चांदीचा नेहमीचा डॉलर पाडणं मात्र बंद केलं. चांदीवाल्यांनी या कायद्याला ‘७३ चा गुन्हा’ असं नाव दिलं आणि पाच वर्षं रान उठवलं. शेवटी २८ फेब्रुवारी १८७८ रोजी, अध्यक्ष हेस यांचा नकाराधिकार डावलून, ब्लँड-ॲलिसन कायदा आला. सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. लोकांना एवढी जड नाणी खिशात नको होती. ती हजार-हजारच्या पोत्यांत भरून तळघरांत रचली गेली आणि त्यांच्या बदल्यात कागदी चांदी-प्रमाणपत्रं बाजारात फिरली. १८७८ ते १९०४ या काळात असे सुमारे ५७ कोटी डॉलर पाडले गेले.

याच नाण्याला संग्राहक ‘मॉर्गन डॉलर’ म्हणतात. जॉर्ज मॉर्गन हा बर्मिंगहॅमकडचा कोरक १८७६ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आला. स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्यासाठी त्याने ॲना विलियम्स या फिलाडेल्फियातल्या शिक्षिकेला समोर बसवलं. ग्रीक पुतळ्यांवरून उचललेल्या चेहऱ्यांपेक्षा हा चेहरा वेगळा वाटतो तो त्यामुळेच; ती एक हाडामांसाची बाई आहे.

१८९३ सालही इथे सांगायला हवं. त्या वर्षी २६ जूनला ब्रिटिश सरकारने भारतातल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं आणि मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. जगातलं चांदीचं हे एवढं मोठं गिऱ्हाईक एका दिवसात हटलं, आणि चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत आधीच आर्थिक घबराट पसरली होती. नोव्हेंबरात तिथल्या काँग्रेसने सरकारी चांदी खरेदीचा शर्मन कायदा रद्द केला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात फक्त १ लाख १० हजार मॉर्गन डॉलर पडले. आज १८९४ चा फिलाडेल्फियाचा डॉलर हाती लागला तर संग्राहक खूश होतो, आणि त्या खुशीत १८९३ च्या त्या भारतीय फर्मानाचाही वाटा आहे.

पिटमन कायद्याखाली डॉलर वितळवताना कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंदच ठेवली गेली नाही. पोती उघडली, मोजली, मुशीत ओतली. नाणेसंग्रहाच्या दृष्टीने ही केवढी मोठी हानी, याची कल्पना त्या वेळी कुणाला असणं शक्य नव्हतं. परिणाम असा, की टांकसाळीच्या वहीत लिहिलेला आकडा आणि आज शिल्लक असलेल्या नाण्यांचा आकडा यांचा ताळमेळ बसत नाही. फिलाडेल्फियाचा १८९५ चा डॉलर घ्या. वहीत १२,००० नाणी पाडल्याची नोंद आहे. पण चलनासाठी पाडलेलं त्यातलं एकही नाणं आजवर कुणाला खात्रीने सापडलेलं नाही. शिल्लक आहेत ती खास संग्राहकांसाठी आरशासारखी घासून काढलेली ‘प्रूफ’ नाणी, आणि तीही पाडली होती फक्त ८८०. ते १२,००० मुशीत गेले की ती नोंदच कागदोपत्री होती, यावर अजून वाद आहे.

नाणेसंग्रहाच्या पुस्तकांत नवशिक्याला सगळ्यात आधी दिसतो तो आकड्यांचा रकाना: अमुक साली अमुक इतकी नाणी पाडली. माझं मत असं, की या रकान्याला गरजेपेक्षा जास्त मान दिला जातो. पाडली किती, यापेक्षा उरली किती आणि कशी उरली, हे शोधण्यात या छंदाचा खरा आनंद आहे. याला न्यू ऑर्लिन्सच्या १९०३ च्या डॉलरपेक्षा चांगलं उदाहरण नाही. पाडले होते साडेचव्वेचाळीस लाख. पण बाजारात ते कुठेच दिसत नव्हते. सगळे मुशीत गेले अशीच समजूत होती आणि एका नव्याकोऱ्या नाण्याची किंमत दीड हजार डॉलर सांगितली जाई. १९६२ च्या शेवटी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं एक तळघर उघडलं. त्याला १९२९ पासून मोहोर होती. आतून न्यू ऑर्लिन्सची पोतीच्या पोती निघाली, १९०३ ची धरून. किंमत काही आठवड्यांत कोसळली. ज्यांनी ते नाणं आयुष्यभराच्या बचतीतून घेतलं होतं, त्यांचं काय झालं असेल! पण त्या बातमीने जुन्या डॉलरची हाव देशभर पसरली. लोक एक डॉलरची नोट देऊन तिजोरीतून एक चांदीचा डॉलर घेऊ शकत होते, आणि रांगा लागल्या. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे बंद केलं, तेव्हा उरलेल्या साठ्यात सुमारे २८ लाख नाणी नेवाडातल्या कार्सन सिटी टांकसाळीची निघाली. १९७२ पासून सरकारने ती कडक प्लास्टिकच्या डब्यांत घालून लोकांना विकली. कार्सन सिटीचे १८८४ चे डॉलर पाडले होते ११ लाख ३६ हजार. त्यातले ९ लाख ६२ हजारांवर सरकारकडेच पडून होते, जवळजवळ हात न लागलेले. त्याच टांकसाळीचे १८८९ चे साडेतीन लाख पाडले होते. या साठ्यात त्यातलं फक्त एक निघालं.

खासगी साठेही असे बाहेर आले. रेनो शहरातल्या लाव्हेर रेडफिल्ड यांचा १९७४ मध्ये मृत्यू झाला आणि त्यांच्या घराच्या तळघरात, खोट्या भिंतीआड, चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर सापडले. बँकांवर आणि सरकारी कागदी पैशावर त्यांचा विश्वास नव्हता.

एक मॉर्गन डॉलर जवळून पाहू. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा. हे साल मुद्दाम घेतो, कारण ते मुबलक आहे आणि त्या टांकसाळीची छपाई नीट असे. व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, आपल्या जुन्या रुपयाच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्तच, कारण रुपयाचा कस ९१.६७ टक्के आणि डॉलरचा ९०. समोर डावीकडे तोंड केलेली स्वातंत्र्यदेवता. केसांत गव्हाच्या ओंब्या आणि कापसाची बोंडं खोवलेली. उत्तरेचं पीक आणि दक्षिणेचं पीक, यादवी युद्ध संपून तेरा वर्षांनी एकाच मुकुटात. मानेच्या टोकाशी मॉर्गनचं एकच अक्षर, एम, भिंगाशिवाय दिसत नाही. मागे पंख पसरलेला गरुड. त्याच्याखाली पानांच्या माळेची गाठ आणि गाठीखाली ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्कोचं अक्षर. कार्सन सिटीची दोन अक्षरं, ‘सीसी’. न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया.

आता नाणं कडेने दोन बोटांत धरायचं आणि एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवायचं. खऱ्या, न घासलेल्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखा फिरत जातो. छापा जोराने आपटला की धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. उजेड फिरतो तो त्या रेषांवरून. नाण्याची सगळी किंमत या पृष्ठभागात असते. मग पाहायचा देवतेचा गाल. तो मोठा, मोकळा आणि सगळ्यात उंच असल्याने पोत्यातल्या शेजारच्या नाण्यांचे घाव त्याच्यावरच बसतात. बाजारात कधीच न फिरलेल्या डॉलरच्या गालावरही ओरखडे असतात ते त्यामुळेच. उलट कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट दिसली, तर ती झीज आहे की मुळात छपाईच कमजोर होती, हे ओळखावं लागतं. न्यू ऑर्लिन्सची पुष्कळ नाणी अशीच अर्धवट छापलेली असतात.

नाण्याचा दर्जा १ ते ७० अशा आकड्यांत सांगायची रीत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तांब्याच्या सेंटांसाठी बसवली. १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या नाणं तपासून, आकडा देऊन, बंद डबीत घालून देऊ लागल्या. त्यामुळे व्यापार सोपा झाला. पण डबीवरचा आकडा वाचून नाणं विकत घेणारे नाण्याकडे पाहायलाच विसरतात, असं मला दिसतं. डबी नवशिक्याने जरूर घ्यावी. पण आधी नाणं पाहावं, मनात स्वतःचा आकडा ठरवावा, मग त्यांचा वाचावा.

बनावट नाण्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चिनी बनावटीचे मॉर्गन डॉलर, आणि त्याहून जास्त बनावट ट्रेड डॉलर, जगभर पसरले आहेत. ट्रेड डॉलर १८७३ पासून चीनशी व्यापार करायला ४२० ग्रेन वजनाचे पाडले गेले. तिकडचे सराफ नाणं तपासून त्यावर आपल्या अक्षराचा ठसा मारत. असे ठसे एकेकाळी नाण्याची खराबी मानली जात; आज तेच त्या नाण्याच्या प्रवासाचा पुरावा म्हणून मुद्दाम जमवले जातात. अशा नाण्यांची घरच्या घरी करायची पहिली परीक्षा वजनाची. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. मॉर्गन असेल तर २६.७३ च्या आसपास हवं, झिजलेलं असेल तर किंचित कमी. ठळकपणे जास्त मात्र कधीच नको. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं पातळ दोऱ्याने पाण्यात, तळाला न टेकवता सोडा. काटा २.६ च्या जवळपास दाखवेल. वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता येते, आणि ९० टक्के चांदीची घनता १०.३ च्या आसपास असते. लोहचुंबक लावून पाहायचा तोही आधी.

या परीक्षेने हलक्या धातूचे नकली डॉलर बाहेर पडतात. खऱ्या नाण्यावरच अक्षर डकवून किंवा खरवडून केलेली लबाडी मात्र काट्याला कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे १८९३ चे डॉलर फक्त एक लाख पाडले होते, मॉर्गनमध्ये चलनासाठीचे हे सगळ्यात कमी, वादातले ते १२,००० सोडून. म्हणून फिलाडेल्फियाच्या १८९३ वर ‘एस’ डकवणारे खूप. पण अस्सल नाणी समोरच्या एकाच छाप्याने पाडलेली आहेत, आणि त्या छाप्यावर एक खोट होती: मुकुटावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरकी उठावदार रेघ. १८९३ मध्ये कुठल्यातरी कारागिराच्या हातून पडलेला हा दोष आज लाखो रुपयांची फसवणूक रोखतो. भिंगाखाली ती रेघ पहिल्यांदा दिसते तेव्हा अंगावर काटा येतो.

दुर्मीळपणाचं टोक म्हणजे १८०४ चा डॉलर, आणि तो १८०४ मध्ये पाडलेलाच नाही. त्या साली पाडलेल्या डॉलरांवर आधीचीच सालं होती. पुढे १८३४ मध्ये अमेरिकेचे दूत एडमंड रॉबर्ट्स यांच्याबरोबर सयामच्या राजाला आणि मस्कतच्या सुलतानाला भेट म्हणून नाण्यांचे संच पाठवायचे ठरलं. टांकसाळीने जुन्या वह्या पाहिल्या आणि शेवटचं साल १८०४ दिसलं म्हणून तेच छापलं. पुढे संग्राहकांसाठी आणखी काही गुपचूप पाडले गेले. आज सगळे मिळून मोजकेच माहीत आहेत. त्यांचे तीन प्रकार मानतात; वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात प्रत्येक प्रकारचा एकेक आहे. मस्कतला भेट गेलेल्या संचातला मानला जाणारा डॉलर १९९९ साली ४१ लाख ४० हजार डॉलरला विकला गेला. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्रापलीकडे गेलेलं ते एक नाणं.

आता जतनाबद्दल. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, कारण नाणं दुर्मीळ असणं आपल्या हातात नसतं. ते खराब न करणं असतं.

पहिला नियम: नाणं घासू नका. पीतांबरी, रांगोळी, चिंच, राख, टूथपेस्ट, खायचा सोडा, मऊ फडकं, काहीही नको. देवाच्या चांदीच्या भांड्यांना जे चालतं, ते नाण्याला मारक आहे. घासलं की त्या सूक्ष्म रेषा जातात आणि उजेडाचं चाक कायमचं थांबतं. नाणं पांढरं होतं, चकचकीत दिसतं, आणि जाणत्याच्या दृष्टीने त्याची किंमत निम्म्याहून खाली जाते. चांदी साफ करायचं बाटलीतलं द्रवही तेच करतं, फक्त हळू. दर बुडवणीला पृष्ठभागाचा एक थर विरघळतो.

काळेपणाला घाबरू नका. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सल्फाइडचा पातळ पापुद्रा बसतो. तो अगदी पातळ असताना नाणं पिवळसर दिसतं, जाड होत जाताना तांबूस, जांभळं, निळं. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने इथेही दिसतात. पोत्याच्या कापडाला टेकून वर्षानुवर्षं पडलेल्या डॉलरांवर अशी इंद्रधनुषी कोर चढली आहे आणि संग्राहक त्यांना जास्त पैसे मोजतात. रसायनं वापरून असे रंग चढवणारे लबाडही आहेत; त्यांचे रंग भडक असतात आणि उठावाच्या आडोशाला न जुमानता सरसकट पसरतात.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच अल्बमांचे मऊ, वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात. उष्ण आणि दमट हवेत ते प्लास्टिक फुटतं, त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तो दिसला तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्यावं, खिडकी उघडी आणि विस्तव दूर ठेवून नाणं त्यात बुडवावं, घासू नये, बाहेर काढून आपोआप वाळू द्यावं. नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नये. त्यात तेल आणि सुगंध असतो. नवीन नाण्यांसाठी मायलारच्या पिशव्या किंवा नाण्याच्या मापाच्या ॲक्रिलिकच्या कडक गोल डब्या घ्याव्यात. पुठ्ठ्याच्या चौकटीत नाणं ठेवलं असेल तर स्टेपलच्या पिना पकडीने दाबून सपाट कराव्यात. एका पिनेच्या टोकाने शेजारचं शंभर वर्षांचं नाणं ओरबाडलं जातं.

रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद आणि नवीन लाकडाचे ड्रॉवर नाण्यांपासून लांब ठेवावेत. यातलं कशात गंधक, कशात आम्ल. लोखंडी कपाट बरं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलची पुडी हवी, आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करायला हवी. बँकेचा लॉकर चोरापासून वाचवतो, दमटपणापासून नाही. तिथेही पुडी ठेवावी. नाणं हाताळताना हात धुऊन कोरडे करावेत, कडेनेच धरावं, खाली मऊ कापड पसरावं आणि नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचे सूक्ष्म थेंब पुढे काळे ठिपके होऊन उमटतात.

आपल्याकडे नाणी बाळगणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाला आजोबांकडचे राणीछाप रुपये भेट म्हणून पाठवताना अनेक जण नकळत हा कायदा मोडतात.

पिटमनच्या कलमाप्रमाणे वितळवलेले डॉलर परत पाडायला १९२१ मध्ये सुरुवात झाली. मॉर्गनचे मूळ साचे १९१० मध्येच नष्ट केलेले होते. नव्याने करावे लागले, आणि ते उथळ उतरले. त्या एका वर्षात ८ कोटी ६७ लाख मॉर्गन पाडले गेले आणि वर्षाच्या शेवटी अँथनी द फ्रान्सिस्कीचा शांती डॉलर आला. आज सुरुवात करणाऱ्याने १९२१ चा मॉर्गन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा शेजारी ठेवून पाहावेत. छपाई म्हणजे काय ते दोन नाण्यांत कळतं.

दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेची चांदी भारतात आली, या वेळी उसनी. मित्रराष्ट्रांना उसनवारीने मदत करायच्या अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेखाली २२ कोटी औंसांहून जास्त. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. स्वातंत्र्यानंतर ती उसनवारी फेडायची वेळ आली, तेव्हा हेच निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून, त्यांतून चांदी वेगळी काढून, १९५७ मध्ये भारताने परत केली. १९१८ मध्ये डॉलरांचे रुपये झाले होते; या वेळी रुपये मुशीत गेले.

यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर जुने रुपये मांडाल, तेव्हा १९१८ किंवा १९१९ सालाचा पंचम जॉर्जचा रुपया त्यात आहे का पाहा. असला, तर मुंबईत पडलेल्या रुपयाच्या मागच्या बाजूला खालच्या फुलापाशी एक बारीक ठिपका असतो, तो भिंगातून शोधा. तो रुपया पीतांबरीने घासू नका. ॲक्रिलिकच्या डबीत घाला, हळदकुंकू डबीवर वाहा, आणि तो कुणाकडून आला, हे एका चिठ्ठीवर लिहून डबीशेजारी ठेवा. अशा एकेका रुपयाची नोंद प्रत्येक घराने ठेवली, तर वितळवताना जी वही कुणी लिहिली नाही, तिची काही पानं तरी आपल्याला भरता येतील.